1 जूनला जन्मलेली माणसं

दिवाळीच्या सुट्ट्या लागायच्या आदल्या दिवशी एक पालक शाळेत आला. खरं तर तो माझाच जुना विद्यार्थी. आता पुण्याकडे सेंटरिंगच्या कामावर असतो. म्हणाला, “सर, अब्बांच्या शाळेचा उतारा पाहिजे.” अब्बांचा कशाला, असं विचारलं तेव्हा कळलं, की घरमालकाने खोली खाली करायला सांगितली आहे. आधार कार्ड दाखवलं तर घरमालक म्हणाला, आधार कोणीही काढतं, बाप कुठला ते दाखव. सध्या ‘बांगलादेशी’ पकडले जाताहेत, उगाच लफडं नको.

जनरल रजिस्टर काढलं. 1976 सालची नोंद सापडली, उर्दूत, शाई फिकी झालेली. जन्मतारीख 1 जून 1970. त्याच पानावर खाली-वर पाहिलं तर बहुतेक सगळी मुलं 1 जूनलाच जन्मलेली! आपल्याकडे हे सगळ्यांना ठाऊक आहे. आईला जन्माची तारीख आठवत नसे. ‘मोठ्या दुष्काळाच्या आधी’ किंवा ‘ज्वारी काढायच्या वेळेला’ एवढंच ती सांगे. मग गुरुजी शाळा सुरू होण्याच्या हिशेबाने 1 जून लिहून टाकत. म्हणजे आज ज्या कागदावर माणसाचं नागरिकत्व तोललं जातंय, तो कागद आम्हा शिक्षकांच्या सोयीने तयार झाला आहे. हे मी अभिमानाने सांगत नाही.

आपला जिल्हा येणाऱ्यांचा नाही, जाणाऱ्यांचा आहे. परंडा, भूम, वाशी, कळंबकडून दसरा-दिवाळीच्या सुमारास ट्रॅक्टर आणि ट्रक भरून माणसं ऊसतोडीला निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. कोल्हापूर, सांगली, नाहीतर थेट बेळगाव-बागलकोटपर्यंत. जे ऊस तोडत नाहीत ते वीटभट्टीवर, पुण्याच्या बांधकामावर, सोलापूर-हैदराबादला, आणि दोन-चार घरं आखातात. पाऊस दगा देतो, विहिरी आटतात, शेत तुकड्यातुकड्यांत वाटलेलं, कारखानदारी नावापुरती. नीती आयोगाने 2018 साली ‘आकांक्षित’ म्हणजे मागे पडलेले जिल्हे निवडले, त्यात महाराष्ट्रातले चार होते: नंदुरबार, वाशिम, गडचिरोली आणि आपण. मग माणूस जाणार नाही तर काय करणार?

आता जन्मनोंदीचा कायदा पाहा. बाळ जिथे जन्मलं तिथेच नोंद करायची, 21 दिवसांच्या आत. वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. आता सांगा, फडावरच्या पालात जन्मलेल्या बाळाची नोंद कोण करणार? आई पाचव्या-सहाव्या दिवशी पुन्हा मोळ्या बांधायला लागते. पट्टा पडून गावी येईपर्यंत चैत्र लागतो. गावचा ग्रामसेवक म्हणतो, जन्म इथला नाही. कर्नाटकातल्या त्या गावाचं नावही बाईला धड माहीत नसतं. असं लेकरू सहा वर्षांनी माझ्या वर्गात येतं.

2023 साली जन्म-मृत्यू नोंदणी कायदा बदलला. उशिराच्या नोंदीचा आदेश देण्याचं काम न्यायदंडाधिकाऱ्यांकडून महसूल अधिकाऱ्यांकडे आलं. 1 ऑक्टोबर 2023 नंतर जन्मलेल्यांसाठी तर शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मदाखला हाच पुरावा. साहजिकच लोक तहसीलला धावले. मग मालेगाव, अकोला, अमरावतीकडून आरोप सुरू झाले, की हे दाखले बांगलादेशी घेताहेत. 2025 च्या जानेवारीत सरकारने विशेष तपास पथक नेमलं, उशिराच्या नोंदी थांबवल्या, मार्चमध्ये नियम कडक केले. काही ठिकाणी बनावट कागद लावले गेले असतील. लावणाऱ्याला आणि पैसे घेऊन सही करणाऱ्याला शिक्षा व्हावी. सीमा राखणं हे कोणत्याही राज्याचं काम आहे, त्यावर माझं दुमत नाही. पण उशिरा नोंद झाली म्हणजे माणूस परका, हा न्याय कुठला? उशीर हा गरिबीचा पुरावा आहे, परकेपणाचा नाही.

ही भीती हवेतली नाही. 2025 च्या जून महिन्यात मुंबई भागात कामाला असलेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना बांगलादेशी ठरवून सीमेपलीकडे ढकलण्यात आलं. त्यांच्या राज्य सरकारने कागद पाठवल्यावर त्यांना परत आणावं लागलं. ते भारतीयच होते. बंगाली बोलणारा मुसलमान मजूर, एवढीच त्यांची ओळख पुरली.

वादाचा हा सूर आपल्या मुलखाला नवा नाही. 1956 पर्यंत आपण हैदराबाद संस्थानात आणि मग हैदराबाद राज्यात होतो. तिथे ‘मुल्की’ आणि ‘गैरमुल्की’ असा झगडा होता. उत्तरेतून आलेले लोक नोकऱ्या बळकावतात, ही तक्रार होती आणि ती अगदीच खोटी नव्हती. 1919 साली निजामाने नियम केले: 15 वर्षं राहिलेला तो मुल्की. पुढे 1952 साली याच प्रश्नावर हैदराबादेत आंदोलन पेटलं, गोळीबार झाला, आणि तेव्हाचीही मोठी तक्रार काय होती? बोगस मुल्की सर्टिफिकेटं! त्या वेळी संशय परप्रांतीयांवर होता, ते कुठल्याही धर्माचे असोत. आज संशय आधी नाव विचारतो.

आणि आपले कागद गेले कुठे, हेही सांगायला हवं. 1948 च्या पोलीस अॅक्शननंतर ज्या चार जिल्ह्यांना सगळ्यात जास्त झळ बसली, त्यांत सुंदरलाल समितीने उस्मानाबादचं नाव घेतलं. माझे दादा तेव्हा घर सोडून हैदराबादला गेले. वर्षभराने परत आले तर दार-चौकटसुद्धा नव्हती, पेटीतले कागद कुठून असणार? दादा ते दिवस सांगताना ‘हिजरत’ हा शब्द कधी वापरत नसत. म्हणायचे, “जाके आए.” जाऊन आलो, बस.

गंमत अशी, की निजामकाळातल्या त्याच उर्दू कागदांना मधल्या दोन वर्षांत फार भाव आला. 2023 साली न्यायमूर्ती शिंदे समितीने मराठवाड्यात कुणबी नोंदी शोधायला सुरुवात केली तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांची शोधाशोध झाली. माझ्याकडेही दोन मराठा शेजारी आजोबांच्या जमिनीचे कागद घेऊन आले. मी वाचून दिले, आनंदाने. 2 सप्टेंबर 2025 च्या शासन निर्णयाने हैदराबाद गॅझेटियर ग्राह्य धरलं. शेजाऱ्याच्या आजोबांसाठी सरकार स्वतः दप्तर धुंडाळतं, हे चांगलंच आहे. तेच सरकार ऊसतोड्याच्या, पारध्याच्या, वडाराच्या किंवा शेखाच्या बाळासाठी दप्तर का उघडत नाही?

आपल्या माणसांनाही दोन शब्द बोलावे लागतील. आधारवर ‘मेहबूब’, रेशनकार्डावर ‘महिबूब’, सातबाऱ्यावर ‘मैबू’. बाप मेल्यावर वारस नोंद नाही, मुलगी सासरी गेली तर नाव कमी नाही. मशिदीत जुम्म्याला इतक्या गोष्टींचं एलान होतं, त्यात ‘21 दिवसांत जन्मनोंद करा’ एवढं एक वाक्य वाढवायला काय हरकत आहे?

पण मोठी जबाबदारी सरकारचीच. परकं असल्याचा आरोप झाला, की सिद्ध करायचं ओझं आरोप झालेल्यावर पडतं. 1946 च्या विदेशी नागरिक कायद्यात हे होतं, 2025 च्या नव्या कायद्यातही आहे. आसाममधल्या एका खटल्यात जुलै 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावलं, की आधी सरकारकडे संशयाला काहीतरी ठोस आधार हवा, नुसता आरोप पुरत नाही. घरमालकाला हे कोण सांगणार? 1979 पासून आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा होता, त्यात मजुराला पासबुक द्यायचं होतं. कर्नाटकात तोडीला गेलेल्या आमच्या एकाही पालकाकडे मी ते पाहिलेलं नाही. कारखान्याच्या गट ऑफिसात उसाच्या प्रत्येक खेपेची वजनपावती होते. तिथेच जन्माची एक वही ठेवली आणि महिन्यातून एकदा आशाताई फडावर गेली, तर निम्मा प्रश्न मिटेल.

विद्यार्थ्याला उताऱ्याचं मराठी करून दिलं. मुख्याध्यापकांची सही-शिक्का घेतला. त्याने घडी घालून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवला आणि विचारलं, “सर, ये एक जून देखके वो बोलेंगे तो नहीं, के झूठा है?”