मारुतीच्या कमरेला पाणी

भर पावसाळ्यात नाशिककर एकमेकांना भेटले की काय विचारतात, ठाऊक आहे? "पाणी कुठवर आलंय?" आणि उत्तर काही फूट-मीटरमध्ये येत नाही. "मारुतीच्या कमरेला लागलंय," असं येतं. गोदावरीत रामकुंडाजवळ दुतोंड्या मारुतीची उंच मूर्ती आहे. गुडघा, कंबर, छाती, गळा... पाणी जसजसं चढतं तसतशी काठावरच्या लोकांची धावपळ वाढते. नारोशंकराच्या देवळातल्या घंटेपर्यंत पाणी पोचलं म्हणजे तर महापूरच!

त्याच दिवशी सरकारी बातमी काय असते? गंगापूर धरणातून अमुक हजार क्युसेक पाणी सोडलं. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, जवळजवळ २८ लिटर. हिशेब चोख आहे आणि धरणावरच्या इंजिनिअरला तोच लागतो. पण भांडी बाजारातल्या दुकानदार काकांना त्या आकड्यावरून कळतं का, की खालच्या फळीवरचे डबे वर चढवायचे की राहू द्यायचे? मारुतीची कंबर म्हटली की लगेच कळतं. २ ऑगस्ट २०१६ला गोदावरीला मोठा पूर आला आणि बाजारपेठेत पाणी शिरलं, तेव्हा नाशिककरांच्या तोंडी मारुतीच होता.

आता हे पुराण आज कशाला, म्हणाल. तर तुमच्यापैकी काहीजण विचारता ना, "आम्हांला आमच्या कॉलनीचं साप्ताहिक काढायचंय, सगळ्यांना फुकट वाटायचंय, पण त्यात लिहायचं काय? आमच्याकडे काही घडतच नाही!" घडत नाही कसं? बुधवारी नळाला पाणी येणार नाही, ही बातमी नाही? कोपऱ्यावरच्या गटाराचं झाकण फुटलंय आणि संध्याकाळी तिथून क्लासची मुलं सायकली दामटत येतात, ही? दिल्लीच्या किंवा मुंबईच्या पेपरात ती येणार नाही, कारण तिथल्या संपादकाला तुमचं गटार माहीत नाही. तुम्हांला माहीत आहे. मारुतीच्या कमरेची बातमी जशी काठावरच्यालाच देता येते, तशीच ही.

लहान आहोत म्हणून लाजू नका. मराठीतलं पहिलं वृत्तपत्र 'दर्पण' ६ जानेवारी १८३२ रोजी निघालं, तेव्हा बाळशास्त्री जांभेकर ऐन विशीत होते. आणि ते काही रोज निघत नव्हतं, आधी पंधरा दिवसांनी आणि मग आठवड्याला. आपल्या नाशिकचा 'गावकरी' बघा. दादासाहेब पोतनिसांनी १९३८ साली सुरू केला तेव्हा तोही साप्ताहिकच होता, दैनिक नंतर झाला. दिल्लीत तर रस्त्यावर राहणाऱ्या, काम करणाऱ्या मुलांनी २००३ साली 'बालकनामा' नावाचं स्वतःचं वर्तमानपत्र सुरू केलं. बातम्या आणणारी तीच मुलं! तुमच्याकडे निदान डोक्यावर छप्पर आणि कंपासपेटी तरी आहे.

बरं, फुकट वाटायचं म्हणता. वाटा. पण कागद आणि झेरॉक्स फुकट मिळत नाही. १९९५ साली स्वीडनमध्ये स्टॉकहोमला 'मेट्रो' नावाचं वर्तमानपत्र निघालं. भुयारी रेल्वेच्या स्टेशनावर ठेवलेलं असायचं, ज्याला हवं त्यानं उचलावं. सगळा खर्च जाहिरातींवर. पुढे पुष्कळ देशांत त्याच्या आवृत्त्या निघाल्या, पण २०१९ साली स्वीडनमधलाच छापील अंक बंद पडला. म्हणजे वाचकाकडून पैसे घ्यायचे नाहीत असं ठरवलं की दुसऱ्या कुणाकडून तरी घ्यावेच लागतात. आणि खरी पंचाईत इथेच सुरू होते.

समजा, तुमच्या अंकाचा झेरॉक्सचा खर्च कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाच्या काकांनी उचलला. मागच्या पानावर त्यांची चौकटीत जाहिरात. छान! तिसऱ्या आठवड्यात कळतं की गल्लीत जे घाण पाणी साचतंय ते त्यांच्याच गोदामामागून येतंय. आता? छापलं तर काका पुढच्या वेळी पैसे देणार नाहीत. नाही छापलं तर तळमजल्यावरच्या आजी, ज्या रोज त्या पाण्यातून देवळात जातात, त्या तुमचा अंक बघून काय म्हणतील?

माझं मत विचाराल तर छापा. पण छापायच्या आधी काकांकडे जा. "काका, असं असं लिहितोय, तुमचं म्हणणं काय?" असं तोंडावर विचारा. कदाचित पाइप फुटलाय आणि त्यांनी महापालिकेत दोनदा अर्ज दिलाय. मग तेही लिहा, दोन ओळी कमी नकोत. कदाचित ते रागावतील. मोठ्या पेपरच्या संपादकाला रागावलेला वाचक क्वचित दिसतो. तुम्हांला तर दुसऱ्या दिवशी साखर आणायला त्याच दुकानात जायचंय! म्हणून गल्लीचा पेपर काढणं मोठ्या पेपरपेक्षा सोपं आहे असं कुणी म्हटलं, तर त्याला हसून सोडून द्या.

आणि नाव घाला. घरातला कुठलाही पेपर घ्या, तळाशी बारीक अक्षरात एक ओळ सापडेल: मुद्रक, प्रकाशक, संपादक, छपाईचं ठिकाण. ही काही हौस नव्हे. १८६७ सालापासूनच्या कायद्यानं छापणाऱ्याचं नाव बंधनकारक केलं होतं. १ मार्च २०२४पासून त्या कायद्याची जागा २०२३च्या नव्या कायद्यानं घेतली. बातम्यांचा अंक नियमित छापून वाटायचा तर सरकारदरबारी नोंदणीही लागते, तेव्हा त्या वाटेला घरच्या मोठ्यांना बरोबर घेऊनच जा. तोवर जिन्याजवळचा फळा आहे की! एका मोठ्या कागदावर सुवाच्य अक्षरात लिहा आणि चिकटवा. खाली लिहिणाऱ्यांची नावं हवीतच. नाव घातलं की "म्हणे," "असं ऐकलं" हे शब्द आपोआप खोडावेसे वाटतात. पुराच्या रात्री "धरण फुटलं म्हणे" एवढं एक वाक्य किती घरं रस्त्यावर आणेल, विचार करा.

एक राहिलंच. तुमच्या बिल्डिंगमध्ये कुणी असं असेल ज्यांना वाचता येत नाही किंवा आता दिसत नाही. रविवारी सकाळी फळ्यावर कागद लावून झाला की त्यांच्या दारात बसून तो वाचून दाखवा. दहा मिनिटं लागतील. आणि पुढच्या अंकाची पहिली बातमी बहुतेक तिथेच मिळेल.