१२ जूनला फड रिकामे असतात



दरवर्षी १२ जूनला, बालमजुरीविरोधी दिनाच्या निमित्ताने, शहरांतल्या हॉटेलांवर आणि गॅरेजवर छापे पडतात. चार-दोन मुले सोडवल्याचे फोटो छापून येतात. ते काम झालेच पाहिजे. पण आमच्या बीड जिल्ह्यातली ऊसतोडीला जाणारी मुले त्या छाप्यांत कधी सापडत नाहीत. त्यांचा हंगाम दसरा-दिवाळीला सुरू होतो आणि पट्टा पडतो, म्हणजे हंगाम संपतो, मार्च-एप्रिलात. १२ जूनला उसाचे फड रिकामे असतात. मुले गावात असतात, शाळा उघडायची वाट बघत.

मी एकतीस वर्षे बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवले. दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली की वर्ग निम्म्यावर आलेला असे. एका वर्षी तिसरीतली एक मुलगी एप्रिलात परतली. पाढे म्हणायला उठवली तर दोनच्या पुढे जाईना. मी रागावलो. मग तिची बोटे पाहिली. उसाच्या पानांनी चिरलेली, काळी पडलेली. ती काय करत होती, ते तिने सरळ सांगितले. आई-वडील तोडतील तो ऊस गोळा करायचा, वाढ्याला (उसाच्या शेंड्याच्या पानांना) पीळ देऊन मोळी बांधायला बंध करून द्यायचे, सहा महिन्यांच्या भावाला बांधावर सांभाळायचे, दुपारी कोपीवर, म्हणजे राहत्या झोपडीत, जाऊन पाणी भरून ठेवायचे. गाडी रात्री आली तर रात्री उठायचे. तिच्या दृष्टीने हे काम नव्हतेच. ‘आईला हात लावत होते,’ एवढेच ती म्हणाली.

नेमक्या याच शब्दांत कायद्याची पळवाट आहे. बालमजुरी कायद्याच्या २०१६च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालच्या मुलांना कोणत्याही कामावर ठेवायला बंदी झाली, पण शाळेची वेळ सोडून आणि सुट्टीत कुटुंबाच्या उद्योगात मदत करायची मुभा राहिली. कारखान्याचा ऊस हा काही मजुराचा घरचा उद्योग नव्हे, आणि नोव्हेंबर ते मार्च ही सुट्टीही नव्हे. तरी फडावर जाऊन विचारा, सगळे हेच सांगतील की पोर आमचे आहे, आमच्याबरोबर आले आहे. कारखाना म्हणतो, आमचा व्यवहार मुकादमाशी, म्हणजे मजूर आणणाऱ्या ठेकेदाराशी. मुकादम म्हणतो, मी उचल (आगाऊ रक्कम) दिली ती कोयत्याला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला. मुलाचे नाव कुठल्याच कागदावर नाही. मग मालक म्हणून पकडायचे कोणाला?

दोष आई-बापांच्या लोभाचा आहे, असे शहरातले पुष्कळ वाचक मानतात. ते मला मुळीच मान्य नाही. उचल हातात पडते ती पोळा-गणपतीच्या सुमाराला, घरात पैसा नसतो तेव्हा. ती पुढे टनावर फेडायची असते. एक दिवस आजारी पडले तरी खाडा, म्हणजे दंड, लागतो आणि तो अंगावर चढतो. २०२४च्या जानेवारीत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली, दर टनाला साडेतीनशे रुपयांच्या वर गेला, त्याचे स्वागतच आहे. पण तो दर जोडीचा आहे, तोडणे, बांधणे आणि वाहून गाडीत भरणे धरून. दोन माणसांनी दिवसाला दोन टन करायचे, तर तान्हे मूल कोण धरणार? इथे मुलाचे दोन हात फुकट मिळतात. ते मिळतात म्हणून मोठ्यांची मजुरी जोडीच्या हिशेबात भागते, आणि भागते असे दिसते म्हणून दर वाढवायची घाई कोणाला होत नाही. गरिबीमुळे बालमजुरी होते हे खरे आहे, पण बालमजुरीमुळे मोठ्यांची मजुरी स्वस्त राहते हेही तितकेच खरे आहे. जगभरातली बहुसंख्य मजूर मुले शेतीतच राबतात, आणि तिथेही पुष्कळदा ती आई-बापांबरोबरच असतात.

परिणाम मी वर्गात पाहिले आहेत. सलग तीन वर्षे असे अर्धे वर्ष बुडाले की मूल पाचवीत जाते ते जोडाक्षर न वाचता. सातवीपर्यंत मुलगा गळतो. मुलीचे चौदा-पंधराव्या वर्षी लग्न लावतात, कारण लग्न झाले की नवा कोयता तयार होतो आणि त्यावर नवी उचल मिळते. ती तिसरीतली मुलगी तशीच गेली. काही वर्षांनी एसटी स्टँडवर भेटली तेव्हा तिच्या कडेवर मूल होते, आणि तिने मला ‘गुरुजी’ म्हणून नमस्कार केला. मी काय बोललो ते आठवत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली शिवकाशीच्या काडेपेटी-फटाका कारखान्यांच्या प्रकरणात सांगितले होते की मूल कामावरून काढताना मालकाकडून २० हजार रुपये घ्या आणि घरातल्या एका मोठ्या माणसाला काम द्या. त्यातला दुसरा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. आमच्याकडे ऑक्टोबरात रोजगार हमीचे काम खात्रीने निघाले आणि मजुरी वेळेवर मिळाली, तर निदान काही घरे उचल घेण्याआधी थांबतील.

ते होईल तेव्हा होईल. हंगामी वसतिगृहाचे तसे नाही. ती योजना सरकारचीच आहे. मूल गावात आजीजवळ राहते, शाळेत जेवते, आई-बाप तोडीला जातात. जिथे ती वेळेवर सुरू झाली तिथे मुले टिकली, हे मी स्वतः पाहिले आहे. पण माझ्या शाळेत दोन वर्षे मंजुरी आली ती डिसेंबरात, गाड्या सुटून महिना-दीड महिना झाल्यावर. मूल एकदा ट्रकवर चढले की कोल्हापूर-सांगलीहून त्याला परत कोण आणणार?

म्हणून मागण्या दोनच आहेत. कारखान्याने टोळी नोंदवताना बरोबर आलेल्या प्रत्येक मुलाचे नाव, वय आणि गावची शाळा लिहून घ्यावी, आणि मूल फडावर दिसले तर जाब मुकादमाला नव्हे, कारखान्याला विचारावा. दुसरी मागणी वसतिगृहाची. आमच्या गावात शाळेच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत, स्वयंपाकाला बायका तयार आहेत, नातवंडे ठेवून घ्यायला आज्या तयार आहेत. मंजुरीचा कागद तेवढा भाद्रपदात यावा.

आपला,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक, जि. बीड