फेडरवरचं बोट

‘काय बे, डीजे झाला का?’ माझ्या टेबलावरची आठ फेडरची पट्टी पाहून मामेभाऊ म्हणाला. मोहल्ल्यातल्या एका बुजुर्गांनी तेच जरा अदबीने विचारलं, की बेटा, हे गाण्याबजावण्याचं यंत्र घरात कशाला? रेकॉर्डिंगचं काम करणाऱ्या एका ओळखीच्या पोराचं म्हणणं वेगळंच होतं. माऊस असताना हे खेळणं घेणं म्हणजे पैसे वर आले. तिघांचंही लक्ष यंत्रावर आहे, कानाकडे कोणाचंच नाही. म्हणून तिघांना एकदमच उत्तर देतो.

मरहूम अब्बा वलगावात आणि आसपासच्या खेड्यांत मिलादच्या मैफलीत नात पढायचे. साज काही नाही, नुसता गळा. त्यांची एक कॅसेट घरात उरली होती. ती मी एका स्टुडिओत दिली आणि ‘साफ’ करून मागितली. साफ झाली, पण अब्बा त्यातून गेले. खरखर काढायला त्यांनी नॉइज गेट लावला होता. आवाज ठरावीक पातळीच्या खाली उतरला की गेट दार लावून घेतो. अब्बा ओळीचा शेवटचा स्वर हळूहळू विरवत न्यायचे, तो प्रत्येक ठिकाणी सुरीने कापल्यासारखा तुटला. वर ऑटोट्यून. दोन सुरांच्या मधली त्यांची ती जागा, जी ऐकायला माणसं बसून राहायची, ती सरळ करून पायरीवर आणून ठेवली. मग कंप्रेसरने हळू आणि मोठा आवाज एका उंचीला आणला. वर मला सांगितलं, ‘बघा, वेव्ह कशी भरली आहे!’ बघा म्हणाले, ऐका म्हणाले नाहीत. माझा सगळा राग त्या एका शब्दावर आहे.

मूळ कॅसेट माझ्याजवळ होती म्हणून बरं. ती संगणकात घेतली आणि स्वतः बसलो. पडद्यावर माऊसने आवाजाची रेघ ओढता येते, नाही असं नाही. पण रेघ ओढताना डोळा रेघेवर असतो आणि कान मागे पडतो. फेडरवर बोट ठेवलं की पडदा बंद करता येतो. शब्द दबतोय असं वाटलं की बोट केसभर वर, श्वास आला की खाली. सॉफ्टवेअरचं ऑटोमेशन ‘टच’ किंवा ‘लॅच’वर ठेवलं की बोटाची हालचाल तशीच नोंदवली जाते. चुकली तर परत पढायला लावायचं, म्हणजे कॅसेटला. संगणक येण्याआधी मिक्सरवर बसणारे जुने लोक हेच करायचे. आवाजाला एकदम दाबून टाकण्याऐवजी त्याच्या सोबतीने चालायचे.

पट्टीची तरफदारी करतोय म्हणून तिचे दोष लपवत नाही. माझी स्वस्तातली आहे, मोटर नसलेली. ती मिडीची साधी भाषा बोलते, म्हणजे वरपासून खालपर्यंत फक्त १२८ पायऱ्या. बारीक उतारावर कधी कधी पायरी कानाला लागते. शिवाय पट्टीवरचा फेडर एकीकडे आणि पडद्यावरचा दुसरीकडे असला की बोट लावताच आवाज टुणकन उडी मारतो. यावर ‘पिकअप’ची सोय असते. फेडर जुन्या जागेवरून जाईपर्यंत सॉफ्टवेअर त्याचं ऐकत नाही. मोटरवाल्या महाग पट्टीत हा त्रास नाही, तिथे फेडर आपोआप सरकतात आणि पायऱ्याही कितीतरी जास्त असतात. पण गरिबाच्या पट्टीवरही कान तोच चालतो.

आता बुजुर्गांकडे वळतो. साज जायज की नाजायज हा वाद आलिमांचा, मी त्यात पडत नाही. एवढंच विचारतो, की नमाजात लाऊडस्पीकर लावावा का यावर उलेमांनी किती वर्षं वाद घातला, आणि आज मिलादच्या जुलूसमध्ये भिंतीएवढे साऊंड बॉक्स लागतात तेव्हा कोण बोलतं? नातचा एक शब्द कळत नाही, फक्त छाती हादरते. सप्टेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला सांगावं लागलं, की गणेशोत्सवात असा आवाज घातक असेल तर ईदलाही तो घातकच. रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा सन २००० च्या नियमांत लिहिलेली आहे. रसूलची तारीफ ऐकू येत नसेल तर ती कोणासाठी चालू आहे? आणि ‘बिगर म्युझिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही नातांमध्ये मागे जिक्रचा ठेका करून त्यावर संगणकाचा घुमारा चढवतात, तो चालतो. माझी आठ फेडरची पट्टी मात्र खटकते!

आमच्या गावाला तर हे समजायला हवं होतं. २० डिसेंबर १९५६ ला गाडगेबाबांनी इथे, वलगावजवळ पेढी नदीवर शेवटचा श्वास घेतला. त्याच्या काही आठवडे आधी मुंबईत वांद्र्याला झालेल्या त्यांच्या कीर्तनाचं ध्वनिमुद्रण आहे, ऐकलं नसेल तर ऐका. बाबा विचारतात, लोक उत्तर देतात. त्या गर्दीच्या आवाजावरच कीर्तन उभं आहे. उद्या कोणी तेही ‘साफ’ करायला घेतलं आणि गेटने लोकांचा आवाज गाळून टाकला, तर बाबा भिंतीला प्रश्न विचारताना ऐकू येतील.

अब्बांची नात मी अकरा रात्री बसून केली. खरखर बरीचशी ठेवली आहे. मैफलीत कोणाची तरी बशी वाजते, तीही आहे. बुजुर्गांना ऐकवली. पूर्ण होईपर्यंत ते काही बोलले नाहीत, मग म्हणाले, परत लाव. जाताना उंबऱ्यावर थांबून सांगितलं, की त्यांच्या वालिदांचीही एक कॅसेट लोखंडी पेटीत आहे.

अजून आणून दिलेली नाही. पेटीत ओल लागते, चाचा, लवकर आणा.