मनाच्या जखमेला वाली कोण?

भोपाळच्या तात्या टोपे नगरातील जवाहर चौकात ज्याला औषधांचे दुकान थाटावयाचे असेल त्याला सरकारी परवाना काढावा लागतो. गोळी देणारा माणूसही नोंदणीकृत असावा लागतो. त्याच चौकात कोणाला ‘समुपदेशन केंद्र’ थाटावयाचे असेल तर? एक पाटी आणि रंगाचा डबा एवढे भांडवल आपल्या देशात आजवर पुरत आले आहे! तापाच्या गोळीवर पहारा आणि खचलेल्या माणसाचे मन मात्र मोकळे रान, हा न्याय आम्हांला उमगत नाही.

कायदा नाही असे नव्हे. १९९२ च्या पुनर्वास परिषद कायद्याने चिकित्सा-मानसशास्त्रज्ञाला नोंदणी सक्तीची केली. समुपदेशक त्या कुंपणाबाहेर राहिला. २०२१ मध्ये संसदेने संलग्न आरोग्य व्यवसायांचा कायदा करून त्यालाही कक्षेत घेतले. राज्य परिषदा सहा महिन्यांत स्थापावयाच्या होत्या. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला केंद्राचे व राज्यांचे कान उपटावे लागले, एवढे सांगितले म्हणजे तत्परतेची कल्पना येईल.

भोपाळात हा प्रश्न चैनीचा नाही. २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या विषारी वायूने हजारो माणसे मारली. वाचलेल्यांचे डोळे आणि फुप्फुसे तपासली गेली; पण झोप कायमची उडालेल्या आईचे काय? मनाच्या दुखण्यांची पाहणी १९८५ मध्ये सुरू झाली, सरकारी डॉक्टरांना त्याचे शिक्षणही देण्यात आले. परंतु गोळी लिहून द्यावयास दोन मिनिटे लागतात, ऐकून घ्यावयास तास लागतो, आणि त्या तासाचा पगार कोणी द्यावयाचा? २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने सरकारी खर्चाने चालणाऱ्या सेवेचा हक्क प्रत्येकाला दिला आहे. नुसती नोंदणी सक्तीची केली आणि सरकारी खुर्ची रिकामीच ठेवली, तर नोंदणीकृतांची फी तेवढी वाढेल. गरीब आहे तेथेच राहील.

इतक्या पदवीधरांना आणावयाचे कोठून, असे सरकार विचारील. गोव्याकडे पाहावे. तेथे ‘संगाथ’ संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत साध्या, पण नीट शिकविलेल्या माणसांकडून गंभीर नैराश्याच्या रुग्णांना सहा ते आठ बैठकी दिल्या. ४९३ रुग्णांवरील त्या प्रयोगाचे चांगले फळ ‘लॅन्सेट’ने डिसेंबर २०१६ मध्ये छापले. मात्र बैठकींच्या ध्वनिफिती ऐकून त्यांचे काम सतत तपासले जात होते. ही तपासणी आम्हांला पदवीपेक्षा मोलाची वाटते.

भाषेचेही आहेच. १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलि-मानस’च्या १४४१६ क्रमांकावर विनामूल्य आणि अनेक भारतीय भाषांत बोलता येते, हे चांगलेच झाले. सीमाभागातील वाचकांना निराळे सांगावयास नको: परक्या भाषेत अर्ज करता येतो, रडता येत नाही. तरीही दूरध्वनी म्हणजे समोर बसलेला माणूस नव्हे.

मध्य प्रदेश शासनाने समुपदेशकांची नोंदवही कोणालाही पाहता येईल अशी ठेवावी. तक्रार कोणाकडे करावयाची तो पत्ता प्रत्येक केंद्राच्या पाटीवरच असावा. आणि गॅसपीडितांच्या रुग्णालयांत हिंदी-उर्दू बोलणारे पगारी समुपदेशक नेमावेत. त्या रात्री दहा वर्षांची असलेली मुले आज पन्नाशी ओलांडून गेली आहेत.