मनगटावरचा शिक्का

सकाळी सव्वासातच्या तासाला हजेरी घेताना तिसऱ्या बाकावरच्या मुलाने हात वर केला आणि त्याच्या मनगटावर जांभळ्या शाईचा वाटोळा शिक्का मला दिसला. हा एखाद्या सरकारी कचेरीतून थेट वर्गात आला की काय, असे क्षणभर वाटले. परंतु शेजाऱ्यांच्या दबलेल्या हसण्यावरून उलगडा झाला की, आदल्या रात्री बालेवाडीकडच्या एका पबच्या दारावर, आत जाणाऱ्याची ओळख राहावी म्हणून उमटवलेला तो शिक्का होता. रात्रीची हजेरी मनगटावर वागवीत त्याच हाताने सकाळची हजेरी लावून तो विद्यार्थी पुढील दहा मिनिटांत, मान तिळमात्र न लववता, निद्राधीन झाला. या कौशल्याचा मला थोडा हेवाच वाटला.

अशा मुलांना आम्ही वडीलधारी मंडळी अभ्यास आणि मौज यांचा समतोल राखण्याचा उपदेश करतो. त्या उपदेशातील तराजूविषयी मला फार दिवसांपासून संशय आहे; कारण विशीतल्या माणसाचे दिवस किराणा मालाप्रमाणे दोन पारड्यांत घालून जोखता येत नाहीत. टिळकांनी 1873 साली डेक्कन कॉलेजात प्रवेश घेतल्यावर पहिले वर्ष पुस्तके दूर सारून व्यायामात घालवले, ही हकिकत प्रत्येक पिढीतील नापास विद्यार्थ्याला मुखोद्गत असते. 1877 साली ते प्रथम श्रेणीत बी. ए. झाले, हा तिचा उत्तरार्ध मात्र कथनाच्या ओघात बहुधा गळतो. तथापि व्यायामाच्या त्या पहिल्या वर्षाच्या अखेरीस टिळकांच्या पदरात एक कमावलेले शरीर पडले होते, आणि मौजेच्या जमाखर्चात किती तास गेले यापेक्षा हाती काय राहिले, हीच बाब मला पाहण्यासारखी वाटते.

पुण्यात ही गोष्ट पडताळून पाहण्याची उत्तम जागा म्हणजे पुरुषोत्तम करंडकाच्या तालमी. महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था 1963 पासून ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा भरवीत आली आहे, आणि पावसाळ्यात भरत नाट्य मंदिरात ‘आव्वाज कुणाचा’ अशी आरोळी उठली की रस्त्यावरच्या माणसालाही कशाची धामधूम चालू आहे ते कळते. त्या तालमींत झोपेचा जितका विध्वंस होतो तितका कोणत्याही पबात होत नसेल. एका वर्षी आमच्या महाविद्यालयाच्या तालमीत मी रात्री सहज डोकावलो, तेव्हा प्रकाशयोजना सांभाळणारी मुलगी लाकडी खोक्यावर बसून, मांडीवर रसायनशास्त्राचे जर्नल ठेवून, डाव्या हातातल्या मोबाइलच्या उजेडात निरीक्षणांचा तक्ता भरीत होती. दिग्दर्शकाने हाक मारताच ती पेन दातांत धरून उठे, दिवा मंद करी आणि पुन्हा येऊन त्याच रकान्यात पुढचा आकडा लिही. “उद्या सबमिशन आहे, सर,” एवढेच ती म्हणाली. चहाच्या कपाचा ओला वर्तुळाकार डाग त्या जर्नलवर उमटला होता, आणि माझ्या मते तोही एक शिक्काच होता.

या दोन शिक्क्यांत मला जो भेद दिसतो तो सदाचार-दुराचाराचा नाही. तालीम करणारी मुले धुतल्या तांदळासारखी असतात, असे म्हणणाऱ्याने तालीम पाहिलेलीच नसावी. भेद असा की, तेथली मौज मुलांनी स्वतः रचलेली असते, अतएव तिच्यासाठी वेळ पाळावी लागते, भांडण मिटवावे लागते, पाठांतर करावे लागते. पबातली मौज तयार मिळते आणि तेथे गिऱ्हाइकाला पैसे देण्यापलीकडे काही करावे लागत नाही. लातूर-जालन्याकडून येऊन सदाशिव पेठेत कॉटबेसिसवर राहणाऱ्या मुलाला तेथल्या बिलातली वर्गणी, म्हणजे मुलांच्या भाषेतली ‘काँट्री’, किती जड जाते, हे महिन्याच्या वीस तारखेनंतर मेसचे खाडे सुरू होतात त्यावरून ओळखावे. शिवाय बिअरसाठी 21 आणि कडक मद्यासाठी 25 वर्षे ही वयोमर्यादा या राज्यात असल्यामुळे, अठरा वर्षांच्या मुलाला त्या दारातून आत जाताना बहुधा पहिले खोटे बोलावे लागते. ते त्याच्या अंगवळणी किती सहज पडते, याची मला मद्यापेक्षा अधिक धास्ती वाटते.

परंतु मुलांना दोष देण्यापूर्वी आमच्या दप्तराकडेही पाहणे प्राप्त आहे. वार्षिक परीक्षेच्या काळी मार्च-एप्रिलपर्यंत मोकळा श्वास असे. पावसाळ्यात नाटक, हिवाळ्यात गॅदरिंग आणि त्यानंतर अभ्यास, असा ऋतुचक्रासारखा शिरस्ता होता, आणि वर्षभर उनाडलेल्या विद्यार्थ्यालाही शेवटच्या दोन महिन्यांत पापक्षालनाची मुभा होती. सत्रपद्धतीने ही सोय काढून घेतली. जून-जुलैत वर्ग भरले न भरले तोच अंतर्गत चाचणी, तिच्यामागून सबमिशन, मग ऑक्टोबर-नोव्हेंबरात सत्रान्त परीक्षा, आणि त्यांत राहिलेले विषय ‘केटी’ म्हणून पुढील सत्राच्या मानगुटीवर. त्यावर 75 टक्के हजेरीचा तगादा. पद्धत वाईट आहे असे माझे म्हणणे नाही, कारण नियमित अभ्यास तिच्यामुळेच होतो. मात्र ज्या मौजेला पंधरा दिवस सलग द्यावे लागतात ती या वेळापत्रकात मावत नाही, आणि एका रात्रीत उरकणारी, विकत मिळणारी मौज नेमकी मावते. वसतिगृहातील मुलींना तर तीही मोकळेपणी लाभत नाही, कारण मुलांच्या फाटकाला जी सवलत मिळते ती त्यांच्या फाटकाला मिळत नाही.

नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात सांस्कृतिक उपक्रमांना, खेळांना, राष्ट्रीय सेवा योजनेला श्रेयांक मिळतात. विचार स्तुत्य आहे; पण गाण्याचेही गुण मिळू लागल्यावर, गाणे झाले की कोऱ्या प्रमाणपत्राचा नमुना हातात घेऊन सहीसाठी रांग लागते, हे मी पाहिले आहे.

शिक्क्याचा तो मुलगा पुढे एकदा कँटीनमध्ये भेटला. मी रागावेन या समजुतीने त्याने आधी बाही खाली ओढली, मग हळूच विचारले, “सर, आपलं गॅदरिंग यंदा आहे का?” मी कार्यालयात जाऊन वार्षिक वेळापत्रक चाळले. अंतर्गत चाचणी संपते तो शुक्रवार आणि प्रात्यक्षिके सुरू होतात तो सोमवार यांच्या मधल्या शनिवारच्या रकान्यात ‘स्नेहसंमेलन’ असे टंकलेले होते, आणि त्यापुढे कोणीतरी पेन्सिलीने लिहिले होते : शक्य झाल्यास.