तुरुंगातली भाकरी: दया नव्हे, हक्क

युद्धातला बॉम्ब कॅमेऱ्यात दिसतो, कैद्याची रिकामी थाळी दिसत नाही. ती थाळी ७ सप्टेंबर २०२५ रोजी इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयात चर्चेला आली. पॅलेस्टिनी सुरक्षा कैद्यांना सरकार पुरेसे अन्न देत नसल्याचे दिसते, ते दिलेच पाहिजे, असा निकाल न्यायालयाने दोन विरुद्ध एक मताने दिला. याचिका इस्रायलमधल्याच मानवाधिकार संघटनांची होती, हे विसरू नये.

ही टंचाई दुष्काळातून आलेली नाही. कैद्यांना कायद्याने द्यावे लागते तेवढे किमानच मिळेल, हे राष्ट्रीय सुरक्षा मंत्री इतमार बेन-ग्वीर यांचे जाहीर धोरण. ७ ऑक्टोबर २०२३ नंतर कॅन्टीन बंद झाली, गर्दी वाढली, साबण आणि कपडे अपुरे पडले, खरूज पसरली. मार्च २०२५ मध्ये मेगिद्दो तुरुंगात १७ वर्षांचा मुलगा मेला. त्याच्यावर आरोपपत्रही नव्हते. शवविच्छेदनाला हजर असलेल्या डॉक्टरच्या अहवालात तीव्र कुपोषण आणि खरूज, दोन्हींची नोंद आहे.

हमासनेही ओलिसांना भुयारात उपाशी ठेवले. हाडांचा सापळा झालेल्या ओलिसाचे चित्रण ऑगस्ट २०२५ मध्ये जगाने पाहिले. तेव्हा रेडक्रॉसला ना ओलिसांपर्यंत जाता येत होते, ना पॅलेस्टिनी कैद्यांपर्यंत. तपासणारा आत गेला नाही, की उपासमारीचा साक्षीदारच उरत नाही.

१९४९ चा चौथा जिनिव्हा करार याबाबत स्पष्ट आहे. स्थानबद्धांना आरोग्य टिकेल इतके अन्न, पुरेसे पाणी आणि साबण द्यावाच लागतो. समोरच्याने नियम मोडला म्हणून आपल्याला मोडायची मुभा मिळत नाही.

आपण हे का वाचायचे? कारण तुरुंगाच्या भिंतीआड माणसाची किंमत कशी ठरते, हे आपल्याला ठाऊक आहे. आपल्याच देशात तुरुंगातले काम जातीनुसार वाटणारे नियम सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले ते थेट ३ ऑक्टोबर २०२४ रोजी. तोवर कारागृह नियमावलीत सफाई कोणाची आणि स्वयंपाक कोणाचा, हे जात सांगत होती.

निकाल लागल्याने थाळी आपोआप भरत नाही, तिथेही नाही आणि इथेही नाही. म्हणून कैदी कोणत्या धर्माचा, कोणत्या बाजूचा, हे विचारण्याआधी आपण एकच प्रश्न विचारू: आज तो जेवला का?