परसबागेत पंप हवाच कशाला?

‘निंबोळीच्या पाण्याने किडी मरत असत्या, तर कृषी सेवा केंद्रांना केव्हाच टाळे लागले असते.’ विदर्भातल्या नांदुऱ्यात सेंद्रिय कीडनियंत्रणाचा विषय निघाला की हा टोला ठरलेला. तो लगावणाऱ्याची हयात कपाशी, सोयाबीन आणि तुरीत गेलेली असते; उभे पीक अळीने फस्त केलेले त्याने पाहिलेले असते. तेव्हा त्याचे म्हणणे हसण्यावारी नेऊन चालणार नाही. त्याचे आक्षेप तीन: सेंद्रियाच्या नादाने उत्पन्न बुडते, अर्क सावकाश काम करतो आणि त्याचा भरवसा नाही.

पहिल्या आक्षेपात तथ्य आहे. श्रीलंकेने 2021 मध्ये रासायनिक खते आणि कीटकनाशकांची आयात एका फटक्यात बंद केली आणि काही महिन्यांतच सरकारला माघार घ्यावी लागली. पण इथे प्रश्न देशाच्या शेतीचा नाही. तो घरामागच्या चार वांग्यांचा, भेंडीच्या दोन ओळींचा आणि कुंपणावर चढलेल्या वालाचा आहे. शेताचा हिशेब परसबागेला लावणे हीच या वादातली मूळ गफलत.

दुसरा आक्षेप सावकाशीचा. निंबोळीतला अझाडिरॅक्टिन हा घटक किडीला जागच्या जागी लोळवत नाही. तो तिचे खाणे तोडतो, कात टाकण्यात अडथळा आणतो. फवारल्यावर तासाभराने मेलेल्या अळ्या मोजायला जाणारा निराश होणारच. पान कुरतडायचे थांबले की नाही, हे त्याने तीन-चार दिवसांनी पाहायला हवे.

आता भरवशाचे बोलू. बोंडअळीवरचा रामबाण म्हणून बीटी कपाशी 2002 मध्ये आली. 2017 मध्ये गुलाबी बोंडअळीने याच विदर्भात बोंडे पोखरून काढली. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक जणांचे प्राण गेले. इतक्या महागात पडणाऱ्या इलाजाला भरवशाचा कसा म्हणावा?

वांग्याचेच उदाहरण घ्या. कोवळा शेंडा मान टाकतो. तो चिरून पाहिला तर आत गुलाबीसर अळी बसलेली असते. ती एकदा आत शिरली की वरून मारलेले बहुतेक औषध तिला शिवतही नाही. मान टाकलेला शेंडा थोडा खालून खुडून नष्ट करणे, किडके फळ झाडावर न ठेवणे आणि पतंगांसाठी कामगंध सापळा लावणे, हा तिच्यावरचा खरा इलाज. एकरभर वांग्यात हे जिकिरीचे. चार झाडांत चहा निवेपर्यंत उरकते.

शिवाय फवारणी आणि तोडणी यांच्यात किती दिवस जाऊ द्यायचे, हे औषधाच्या लेबलावर छापलेले असते. परसातली भेंडी दिवसाआड तोडावी लागते. मग ते दिवस पाळणार कोण? मोनोक्रोटोफॉसला तर भाजीपाल्यावर सरकारचीच मनाई आहे. तरी कपाशीवर मारून उरलेले पंपातले औषध वाया कशाला घालवायचे, म्हणून घरच्या वालावर मारणारे महाभाग आहेतच.

पण सेंद्रियवाल्यांनीही फार ताठ्यात राहू नये. ‘नैसर्गिक म्हणजे निर्धोक’ ही निव्वळ भाबडी समजूत आहे. तंबाखूच्या काढ्यातले निकोटीन जहालच असते आणि दशपर्णी अर्कात अनेकदा धोतराही पडतो. दर आठवड्याला डोळे झाकून अर्क मारणारा आणि विषारी औषध मारणारा, दोघांची खोड एकच: आधी पंप, मग पाहणी.

क्रम उलटा हवा. रोज सकाळी पानांची खालची बाजू पाहावी. मावा दिसला तर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन काढावा. त्याच पानावर काळपट, नारिंगी ठिपक्यांची, सुसरीसारख्या अंगाची अळी फिरताना दिसेल. ती चिरडू नये. ते ढालकिड्याचे पिल्लू आहे, मावा फस्त करणारे. पांढऱ्या माशीसाठी पिवळे चिकट सापळे लावावेत.

एवढ्यानेही भागले नाही तर 5 टक्के निंबोळी अर्क घ्यावा. जून-जुलैत निंबाखाली पडलेल्या निंबोळ्या गोळा करून सावलीत वाळवून ठेवलेल्या असाव्यात. 10 लिटरसाठी 500 ग्रॅम कुटलेली निंबोळी रात्रभर भिजवावी, सकाळी फडक्यातून गाळावी, 20 ग्रॅम साबणाचा चुरा घालून पाणी 10 लिटर करावे आणि त्याच दिवशी संध्याकाळी फवारावे. उन्हात अर्काचा जोर लवकर ओसरतो. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात बोअरच्या पाण्यात साबण नीट मिसळत नाही, त्यासाठी पावसाचे पाणी साठवलेले बरे.

एवढे करूनही चार पानांना भोके पडतील. पडू द्यावीत, ढालकिड्यालाही पोट आहे, मावा समूळ संपला तर तो टिकणार कशावर? घरची भाजी तोडल्या तोडल्या चुलीवर चढवता आली पाहिजे. ही अट ज्या औषधाला पाळता येत नाही, त्याला परसबागेत जागा नाही.